हिद्दच्या उन्हात गोठवलेला दगड

साताऱ्याला परत आल्यापासून माझ्या दवाखान्यात एकच विषय चालू आहे. पेशंट खुर्चीत आडवा होतो आणि विचारतो, काय डॉक्टर, कसं काय बहारीन? मी सांगायला लागेपर्यंत त्याच्या तोंडात माझी बोटं गेलेली असतात आणि त्याचे पुढचे प्रश्न नुसत्या घशातून येतात. कुणाला सोन्याचा भाव हवा असतो, कुणाला उकाड्याची चौकशी करायची असते. मी तिथे मुख्यतः शिसं आणि जस्ताचा दगड फोडताना पाहिला, असं सांगितलं की पेशंट डोळेच मिटून घेतो. म्हणून एकदाचं लिहून काढतो.

माझी बायको विदुला सहा वर्षं बहारीनला नोकरी करत होती. हिद्दच्या औद्योगिक भागात एक कंपनी आहे, खाणीतला दगड फोडायची यंत्रं जुळवून बाहेर पाठवते. तिथे ती डिझाइनची प्रमुख. दातांचा दवाखाना काही उचलून नेता येत नाही, आणि विदुलाला साताऱ्यात करण्यासारखं काम नव्हतं, तेव्हा आमचा संसार मोबाइलच्या पडद्यावर चालायचा. वर्षातून एकदा ती यायची. मी कधीच गेलो नव्हतो. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर घरात मी आणि फ्रीज असे दोघेच उरलो होतो. यंदा मात्र तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि ऑगस्टमध्ये ती कायमची घरी येणार होती. आता नाही आलास तर बहारीन बघायचं राहूनच जाईल, असं तिनेच म्हटलं, आणि जूनच्या सुरुवातीला मी दवाखान्याला कुलूप लावून निघालो.

जुफैर

विदुला राहायची त्या जुफैर भागात सगळ्या इमारती उंच आणि सगळी माणसं गाडीत. पायी चालणारा मी एकटाच, तोही कोपऱ्यावरच्या कडक चहापर्यंत जाऊन घामाने निथळत परत आलो. विदुलाचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. पहिल्या सकाळी अंघोळीला गेलो, गार पाण्याचा नळ सोडला आणि ओरडलो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार नळाला चटका बसतो. मग तिथली माणसं गीझर बंद करून ठेवतात आणि घरातल्या थंड हवेत निवलेलं त्यातलं पाणी गार म्हणून वापरतात. म्हणजे गरम हवं तर गार नळ, गार हवं तर गीझर. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. विदुला दाराबाहेरून हसत होती.

तिचं हसू ऐकून बरं वाटलं, पण त्या घरात मी पाहुणा होतो हेही लगेच कळलं. साखरेचा डबा कुठे, टॉवेल कुठे, कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो, सगळं विचारावं लागत होतं. सहा वर्षांत ती बिनसाखरेचा चहा प्यायला लागली होती आणि मला ते माहीत नव्हतं. रोज व्हिडिओवर बोलत होतो, तिच्या हातात कप दिसत होता, पण चहात साखर नाही हे पडद्यावर कसं दिसणार? मला उगाच वाईट वाटलं, आणि माझ्या दातांच्या डॉक्टरकीला त्यात आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

घरात सामानाची बांधाबांध सुरू झालेली होती. भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या होत्या, कुंड्या शेजारच्या मल्याळी बाईंना गेल्या होत्या, मिक्सर कुणाला तरी कबूल झाला होता. दिवाणखान्यात उघड्या खोक्यांत तिची सहा वर्षं भरून ठेवलेली होती. त्या खोक्यांमधून वाट काढत चालताना मी इतका खूश होतो की दोनदा अंगठा ठेचकाळला तरी काही बोललो नाही.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी तिने बलालीत आणलं: गोड शेवया आणि वर ऑम्लेट. शेवयांवर अंडं ही कल्पनाच मला पटत नव्हती; दोन घास खाल्ल्यावर तिच्या ताटातलंही संपवलं. खाता खाता तिने शेवटच्या कामाबद्दल सांगितलं.

मध्य आशियातल्या एका डोंगराळ देशात शिसं आणि जस्ताची खाण. हिवाळ्यात उणे तीसच्या खाली जातं. तिथला दगड फोडायला कुठली मांडणी योग्य, याची शिफारस विदुलाने करायची होती. आधी जॉ क्रशर, म्हणजे दोन लोखंडी जबडे, एक स्थिर आणि एक हलणारा; त्यांच्यात मोठा दगड चावला जातो. हे तर माझंच खातं, असं मी म्हटलं. मग कोन क्रशर, उखळात मुसळ गरगर फिरावं तसा. आणि मग चाळणी. एकदमच बारीक का करत नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली की शिशाचं खनिज मऊ असतं, एका दमात भरडलं तर त्याचं पीठ होतं आणि पुढच्या धुण्यात ते पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून बेताबेताने फोडायचं.

इथपर्यंत दोन्ही पर्याय सारखे. फरक पुढे होता. पहिला पर्याय चाकांवरचा: सगळी यंत्रं लांब ट्रेलरवर बसवलेली, उघडी, जागेवर नेली की चालू. ती जोडणी कंपनीच्या आवारात जवळपास तयार उभी होती. जुलैमध्ये जहाजावर चढली असती आणि विदुला ऑगस्टमध्ये घरी. दुसरा पर्याय पक्क्या बांधणीचा: सगळं बंद, गरम ठेवलेल्या शेडमध्ये, दगड साठतो त्या कोठीच्या भिंतींनाही ऊब, दगड वाहणारे पट्टे झाकलेले. तो उभा करायला दोन हिवाळे लागणार आणि डिझाइन करणाऱ्या माणसाला तिथे जाऊन राहावं लागणार. कंपनीत ते काम येणारी विदुला एकटीच.

"चाकांवरचंच होईल," ती म्हणाली. "रविवारच्या चाचणीत चांगलं चाललं तर आमच्या मालकांनाही तेच हवंय."

मी शेवयांची दुसरी बशी मागितली.

हिद्द

रविवारी तिने मला कंपनीत नेलं. हिद्द म्हणजे एका बाजूला बंदर, कंटेनरांचे ढीग, आणि दुसऱ्या बाजूला गोदामं आणि कारखाने; मधून उन्हाने पांढरे झालेले रस्ते. गाडीच्या दाराची कडी मी उघड्या हाताने धरली आणि सोडली. विदुलाने ओढणीचं टोक हातावर घेऊन दार उघडलं, सवयीने, माझ्याकडे न बघता.

खाणीकडून आलेला गृहस्थ तिथे आधीच उभा होता. त्याचं नाव तिमूर. पन्नाशीचा, रुंद चेहऱ्याचा, सावलीच्या शोधात सतत सरकणारा. गेला आठवडाभर तो हॉटेलच्या खोलीत एसी शेवटच्या आकड्यावर लावून बसला होता, आणि तरी झोप लागत नव्हती म्हणाला. थोडं तुटक इंग्रजी बोलायचा, पण मन लावून बोलायचा.

खाणीतला दगड पिंपांत भरून जहाजाने आला होता. आवारात ताडपत्रीवर तो पसरून ठेवलेला होता. तिथे सगळा नमुना असाच पसरतात. आजवर या कंपनीने आखातातला चुनखडीचा दगड फोडला, आणि तो कोरडाच असतो. मी एक तुकडा उचलून पाहिला. आकाराच्या मानाने भलताच जड, आणि मोडलेल्या कडेला आरशासारखी चमक. विदुलाने लगेच हातातून काढून घेतला आणि मास्क दिला. शिशाची धूळ, नंतर हात धू, आणि तोच हात कुणाच्या तोंडात घालू नकोस, म्हणाली.

यंत्र सुरू झालं. आवाज इतका की छातीत वाजत होता. दगड वरून पडत होता, जबडे चावत होते, कोनमधून खडी होऊन निघत होता आणि पट्ट्यावरून चाळणीकडे जात होता. कुठे अडकणं नाही, थांबणं नाही. विदुलाचे मालक खूश होते. ते सभ्य बहारिनी गृहस्थ, पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसत होती तरी हलले नाहीत. मीही खूश होतो. प्रत्येक फावड्यागणिक माझी बायको साताऱ्याच्या जवळ येत होती.

धूळ मात्र फार होती. करडा ढग उठून ट्रेलरवरून वाहत होता. आता माझा धंदाच असा, की दाताला ड्रिल लावलं की शेजारून पाण्याची बारीक धार पाहिजे. धूळ दिसली की माझा हात आपोआप पाण्याकडे जातो. यंत्र बंद झाल्यावर सगळे सावलीत गोळा झाले तेव्हा मी इंग्रजीत विचारलं की पाणी का मारत नाहीत. विदुला म्हणाली, तिथे मारलं तर गोठेल. मी म्हटलं, बरोबर, पण मग तिथे हा दगड असा कोरडा असतो का? बर्फातून उकरून आणता ना?

एवढंच विचारलं. फार काही हुशारी करायची म्हणून नव्हे. विदुला ताडपत्रीकडे बघत होती. तिमूरने मास्क खाली ओढला आणि सावकाश म्हणाला की नाही, त्यांच्याकडे हिवाळ्यात धूळ नसतेच. दगडाबरोबर चिखल येतो, बर्फ येतो. कोठीत पडून राहिला की सगळा एक गोळा होतो. गेल्या हिवाळ्यात जुन्या यंत्राच्या कोठीत असाच गोळा अडकला होता. तो पहारीने फोडायला एक जण आत उतरला. वरचा भाग निसटून त्याच्यावर आला. पाय गेला. तो तिमूरचा मेहुणा होता.

मालकांनी विदुलाकडे पाहिलं. विदुला म्हणाली की ही चाचणी धरायची नाही. दोन पिंपं अजून न उघडलेली आहेत, ती आहेत तशी ओली गोठवू आणि मग यंत्रात टाकू. बहारीनच्या उन्हात उणे वीस कुठून आणणार, असं मालकांनी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, तेवढी थंडी देणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे.

म्हसळ्याचे इस्माईलभाई

इस्माईलभाई रायगडातल्या म्हसळ्याचे. बंदराजवळ मासळी आणि मांस नेणाऱ्या थंड कंटेनरांची दुरुस्ती करतात. गेली पंचवीस वर्षं बहारीनमध्ये बर्फाच्या डब्यांत काढली, म्हणून जूनमध्येही अंगात जाडं जाकीट आणि कपाळावर घाम. मी डेंटिस्ट म्हटल्यावर त्यांनी पहिल्या मिनिटाला आ करून खालची दाढ दाखवली. मोबाइलचा उजेड टाकून मी पाहिली. वाचण्यासारखी होती, तसं सांगितलं. इथे डॉक्टरकडे जायला सवड नाय आणि गावी गेलो की तोंड बंद होत नाय, म्हणाले.

विदुलाने काम सांगितलं. त्यांनी सरळ नाही म्हणून मान हलवली. "ताई, आमच्या डब्यात लोकांची खायची वस्तू जाते. त्यात शिसं मी नाय ठेवणार, इंशाल्ला कधीच नाय."

विदुला म्हणाली, म्हणूनच तुमच्याकडे आले. जो डबा भंगारात जायचा असेल, ज्यात पुन्हा अन्न जाणार नाही, तोच हवा. ते विचारात पडले. मग आवाराच्या शेवटी नेऊन एक गंजका कंटेनर दाखवला. पत्रा फाटलेला, पण थंडी धरत होता. दोन दिवस देतो, मग हा कापायलाच जाईल, म्हणाले. भाडं विचारलं तर म्हणाले, डॉक्टर दाढ करतील. विदुला कंटेनरच्या दारांचे रबर तपासायला पुढे गेली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई ऑगस्टला घरी येतायत ना? सगळीकडे बोलतायत तसं."

मी हो म्हटलं.

"आणि ह्या दगडाचं उलटं निघालं तर?"

मी सांगितलं, तर दोन हिवाळे तिकडे, बर्फात. ते बराच वेळ जाकिटाची साखळी वरखाली करत राहिले. म्हसळ्याला त्यांनी घर बांधलंय, वर-खाली मिळून मोठं. त्यातल्या वरच्या खोल्यांत ते अजून एकदाही झोपले नाहीत. आपलं माणूस जवळ यायला लागलं की काहीतरी निघतंच, असं म्हणून त्यांनी मला खजूर दिला. मी तो खिशात टाकला.

ते दोन दिवस मी जुफैरमध्ये खोक्यांमध्ये बसून काढले. विदुला उशिरा यायची आणि कमी बोलायची. मनातून मला तो दगड गोठू नये असंच वाटत होतं. कंटेनरची मोटर बंद पडावी, रबर निसटावं, काहीतरी व्हावं. ही इच्छा करताना तिमूरच्या मेहुण्याचा पाय आठवायचा आणि मी उठून उगाच गीझरचं बटण तपासून यायचो.

पिंपाच्या आकाराचा दगड

तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळे बंदराजवळ जमलो. इस्माईलभाईंनी कंटेनरची दारं उघडली आणि आतून पांढरी वाफ जमिनीवर उतरली. तिमूर पुढे जाऊन त्या वाफेत उभा राहिला. डोळे मिटले, बटणं सोडली, आणि वाफ विरेपर्यंत तिथून हललाच नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाला की आता घरच्यासारखं वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. घर म्हटलं की आम्हाला ऊन आणि अंगण आठवतं. या माणसाला नाक झोंबणारी थंडी आठवत होती, आणि ती त्याला मासळीच्या डब्यात भेटली.

पिंपं घाईघाईने कंपनीत नेली. पत्रा कापून काढला तर आतला दगड मोकळा झालाच नाही. पिंपाच्याच आकाराचा एक गोळा उभा राहिला, चिखल, बर्फ आणि चमकणारं खनिज एकमेकांत घट्ट बसलेलं. आवारातल्या कामगारांनी त्याला गराडा घातला. बिहारचा, केरळचा, पेशावरचा, ज्याने त्याने त्यावर हातमोजे घातलेला तळवा ठेवून पाहिला. त्या उन्हात त्यांना तो लाडका झाला होता. मीही हात ठेवला आणि मनात त्याला शिव्या दिल्या.

यंत्र सुरू झालं. क्रेनने गोळा वर सोडला. तो जबड्यांच्या तोंडाशी बसला आणि तिथेच राहिला. जबडे हलत होते, गोळा वरच्या वर उसळत होता, चावला जात नव्हता. पहारीने फोडून त्याचा अर्धा भाग आत ढकलला तेव्हा कोनमध्ये गेलेला गाळ भिंतींना चिकटून बसला आणि खालून काही येईनासं झालं. थोड्याच वेळात मोटर गरम झाल्याचा भोंगा वाजला. विदुलाने हात वर केला आणि यंत्र बंद करायला लावलं.

"खलास," इस्माईलभाई माझ्याजवळ हळू म्हणाले.

शिफारस तिथेच उभ्याउभ्या ठरली. बंद शेड, गरम कोठी, झाकलेले पट्टे, आणि कोठीत माणूस उतरूच शकणार नाही अशी जाळी. मालकांनी तिला विचारलं, कोण जाईल? ती म्हणाली, मी जाईन. तिमूरने तिचे दोन्ही हात धरले. मी बाजूला उभा होतो. टाळ्या वाजवाव्यात असं ते दृश्य होतं आणि मी मनात ऑगस्टवर रेघ मारत होतो.

विमानतळाकडे

शेवटच्या दिवसांत मी जमेल तेवढं बहारीन पाहिलं. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून फिरलो, हमूर मासा खाल्ला, केशर घातलेला चिकट हलवा बांधून घेतला. मला तिथे दाताला हत्यार लावायची परवानगी नव्हती, म्हणून इस्माईलभाईंना सलमानियात मोठ्या सरकारी दवाखान्याजवळ विदुलाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि त्यांची दाढ भरून होईपर्यंत बाहेर बसलो. खोकी पुन्हा बांधली. आता काही साताऱ्याला जाणार होती आणि काही बर्फाकडे. शेजारच्या बाई कुंड्या परत घेऊन आल्या, ऑगस्टला जात नाही असं त्यांनी ऐकलं होतं. सप्टेंबरला जातेय म्हटल्यावर कुंड्या घेऊन गेल्या.

माझं विमान दुपारचं. विदुलाने गाडी काढली. पुलावर दोन्ही बाजूंना समुद्र इतका उथळ आणि हिरवा दिसत होता की पाय घालावेसे वाटावेत. बराच वेळ आम्ही दोघंही हवामानावर बोललो. मी सांगितलं, तिकडे गेल्यावर पायांत दोन मोजे घाल. ती हो म्हणाली. मग विमानतळाच्या अलीकडे तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि समोर बघत म्हणाली,

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

काय, असं मी विचारलं.

"पहिलं पिंप उघडलं तेव्हा आतली माती हाताला लागली. ओली होती. मग त्यांनी ताडपत्रीवर पसरली. मी तिथेच उभी होते, ती सुकताना बघत होते. एक शब्द बोलले नाही." तिने चष्मा काढला आणि पुसला, तो स्वच्छच होता. "त्याच्या मेहुण्याचं तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणजे काय, अंदाज तर यायलाच हवा होता. कुणी विचारू नये एवढंच वाटत होतं. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारणार. कुणीच विचारलं नाही. तू विचारलंस."

मागून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. ही तीच बाई, जी लग्नाच्या पंगतीत पत्रावळी सरळ रेषेत नाहीत म्हणून उठून लावत होती. साताऱ्याच्या घराच्या पायऱ्या एका बोटाने चुकल्या म्हणून जिने गवंड्याकडून त्या पुन्हा बांधून घेतल्या. तिने एका माणसाच्या जिवाशी गाठ असलेली चूक डोळ्यांदेखत होऊ दिली होती. मी तिच्यावर चिडायला हवं होतं आणि थोडा चिडलोही.

"राग आला?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. घरी यायला ती इतकी आसुसली होती की दगड सुकताना गप्प उभी राहिली, हे मला सहा वर्षांत एकाही फोनवर कळलं नव्हतं. ते कळलं तोवर ती माझ्यापासून आणखी दोन हिवाळे लांब गेली होती, आणि तिला तिकडे पाठवणारा प्रश्न माझाच होता.